कुटुंबासाठी मध्यम सेडान की क्रॉसओव्हर: ही निवड नेमकी कशावर ठरते?

चक्रधर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गाडी बदलायची वेळ आली आहे. घरात आम्ही दोघे, दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई. घासाघीस होऊन पर्याय दोनच उरले आहेत, मध्यम आकाराची सेडान (मागे वेगळी बंद डिकी असलेली बुटकी कार) किंवा जवळपास तेवढ्याच किमतीची क्रॉसओव्हर (कारच्याच सांगाड्यावरची उंच गाडी). अमुक मॉडेल घेऊ की तमुक, हे विचारण्यासाठी हा धागा काढलेला नाही. लोक या दोहोंतून निवड कोणत्या कारणांनी करतात आणि त्यांतली कोणती कारणे तपासल्यावर टिकतात, यावर जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. होंडा अकॉर्ड 1976 साली आली, टोयोटा कॅमरी 1982 साली. त्यानंतरची कितीतरी वर्षे कुटुंबाची गाडी म्हणजे मध्यम सेडान हे समीकरण अमेरिकेसारख्या मोठ्या बाजारपेठेत पक्के होते. तिथे 1992 ते 1996 या काळात फोर्ड टॉरस ही सर्वाधिक खपाची कार होती आणि पुढे बहुतेक वर्षे तो मान कॅमरीकडे राहिला. दरम्यान 1994 मध्ये टोयोटा आरएव्हीफोर, 1995 मध्ये होंडा सीआरव्ही आणि 1997 मध्ये सुबारू फॉरेस्टर बाजारात आल्या. या सुरुवातीच्या क्रॉसओव्हरची उंची जीपसारखी होती, पण हाडे मात्र कारची. लॅडर फ्रेमवर, म्हणजे ट्रकसारख्या शिडीच्या आकाराच्या सांगाड्यावर, चढवलेल्या जुन्या एसयूव्हींसारखा त्यांचा धक्का बसत नसे आणि पेट्रोलही त्या मानाने कमी लागे. पुढे काय झाले ते आपण सगळे पाहतोच आहोत. फोर्डने एप्रिल 2018 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या आपल्या सगळ्या सेडान बंद करण्याचे जाहीर केले आणि शेव्हरोले मालिबूचे उत्पादन 2024 अखेर थांबले.

गेले काही महिने दोन्ही प्रकारच्या गाड्या पाहताना माझे एक मत बनले आहे. क्रॉसओव्हरच्या बाजूने सांगितली जाणारी बहुतेक कारणे गाडी उभी असतानाची आहेत: चढणे, उतरणे, मुलाला सीटवर बसवणे, सामान ठेवणे आणि काढणे. सेडानच्या बाजूची बहुतेक कारणे गाडी धावत असतानाची आहेत: वळणावरची पकड, हायवेवरची शांतता, मायलेज. शोरूममधली टेस्ट ड्राइव्ह असते जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची आणि तीही गर्दीच्या रस्त्यावर. त्यामुळे पहिल्या प्रकारची सोय तिथल्या तिथे कळते आणि दुसरी कळायला गाडी घरी यावी लागते. क्रॉसओव्हरकडे ओढा वाढण्यामागे हे एक मोठे कारण असावे असे मला वाटते.

ओवी

चांगला विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून उभ्या गाडीच्या बाजूने आधी लिहिते.

खुर्चीवरून उठताना गुडघ्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर किती ताण येतो, हे मुख्यतः खुर्चीच्या उंचीवर ठरते. बैठक गुडघ्याच्या खाली गेली की उठायला लागणारे बळ झपाट्याने वाढते. सेडानची सीट जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास असते आणि क्रॉसओव्हरची त्याहून दहा-पंधरा सेंटिमीटर वर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण गुडघ्याची वाटी झिजलेल्या माणसासाठी तो कोणाचा हात धरून उठणे आणि आपल्या आपण उठणे यांच्यातला फरक असतो.

वयस्कर माणूस सेडानमधून कसा उतरतो ते एकदा नीट पाहा. आधी तो दोन्ही पाय बाहेर काढतो, मग एक हात दाराच्या चौकटीवर आणि दुसरा सीटच्या पाठीवर टेकतो, डोके टपाला लागू नये म्हणून मान खाली घालतो आणि त्याच वाकलेल्या स्थितीत शरीर पुढे झोकून उठायचा प्रयत्न करतो. गुडघा, कंबर आणि मान या तिघांनाही एकाच वेळी कामाला लावणारी ही हालचाल आहे. क्रॉसओव्हरमध्ये तो जवळजवळ बाजूला सरकून जमिनीवर पाय टेकवतो.

मात्र उंची जितकी जास्त तितके बरे, असे अजिबात नाही. बुटक्या माणसाला उंच सीटवर बसायला टाचा उचलाव्या लागतात आणि उतरताना पाय जमिनीला लागण्याआधीच शरीर सुटते. पडण्याचा धोका तिथेच असतो. काही क्रॉसओव्हरमध्ये दाराखालचा उंबरा इतका रुंद असतो की पाय त्याच्या पलीकडे टाकताना पोटरी घासते. आईंना प्रत्यक्ष नेऊन बसवा. त्या गाडीशेजारी उभ्या राहिल्यावर सीटची कड त्यांच्या गुडघ्याच्या थोडी वर, मांडीच्या खालच्या भागाशी येत असेल, तर ती उंची त्यांना मानवेल.

आदिती_क

ओवी यांना अनुमोदन. लहान मुलांच्या बाबतीतही हेच आहे. झोपलेल्या मुलाला सेडानच्या मागच्या सीटवर ठेवताना कमरेत वाकून शिवाय वळावे लागते आणि हात लांब केलेल्या स्थितीत पट्टा लावावा लागतो. क्रॉसओव्हरमध्ये मूल साधारण आपल्या कमरेच्या उंचीवर येते.

पण एक गोष्ट लोक विसरतात. तान्ह्या बाळाची मागे तोंड केलेली सीट लांबीला बरीच जागा खाते आणि तिच्यापुढे बसणाऱ्याला आपली सीट पुढे सरकवावी लागते. इथे गाडीची उंची कामाची नसते, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर, कामाला येतो. मागच्या पिढीच्या कॅमरीचा व्हीलबेस 2825 मिलिमीटर होता आणि तिच्या सोबतीच्या आरएव्हीफोरचा 2690. म्हणजे बाहेरून थोराड दिसणारी गाडी चाकांच्या मापात तेरा सेंटिमीटरने आखूड. आमच्या घरी माझे यजमान उंच असल्याने आम्ही शेवटी सेडानच घेतली. बाळाची सीट त्यांच्या मागे बसवूनही त्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागत नाहीत.

यंत्रज्ञ

आता धावत्या गाडीची बाजू.

हवेचा रोध तीन गोष्टींवर अवलंबून असतो: गाडीचा आकार किती सुबक आहे तो गुणांक, समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. चांगल्या मध्यम सेडानचा गुणांक 0.27 च्या आसपास असतो, क्रॉसओव्हरचा 0.32 च्या आसपास. क्षेत्रफळ अनुक्रमे सव्वादोन आणि दोन पूर्णांक सहा चौरस मीटर धरले, तर गुणाकार येतो सुमारे 0.61 आणि 0.83. म्हणजे त्याच वेगाला क्रॉसओव्हरला एक तृतीयांशाहून अधिक जास्त हवा ढकलावी लागते. ताशी 40 किलोमीटरला हा फरक जाणवणारही नाही. ताशी 80 वरून 120 वर गेलात की रोध सव्वादोन पट होतो आणि मग तो थेट टाकीत दिसतो. अमेरिकी सरकारच्या चाचणीत 2.5 लिटरच्या हायब्रिड कॅमरीचे सर्वांत किफायतशीर मॉडेल गॅलनला 50 मैलांच्या थोडे वर जाते आणि त्याच कंपनीची त्याच क्षमतेच्या इंजिनाची हायब्रिड आरएव्हीफोर 40 च्या आसपास राहते. आपल्या हिशेबात लिटरला साधारण 21 आणि 17 किलोमीटर. यात वजन आणि चारही चाकांना मिळणाऱ्या ताकदीचा वाटाही आहे, सगळा दोष हवेचा नव्हे.

दुसरा मुद्दा गुरुत्वमध्याचा. डाव्या आणि उजव्या चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की स्थिरतेचा एक साधा आकडा मिळतो. अमेरिकेची रस्ता सुरक्षा संस्था तो गाडी उलटण्याच्या धोक्याचे मानांकन ठरवायला वापरते. कारसाठी तो साधारण 1.3 ते 1.5 आणि एसयूव्ही प्रकारासाठी 1.0 ते 1.3 असतो. आजच्या क्रॉसओव्हर या पट्ट्याच्या वरच्या टोकाला असतात आणि इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने (गाडी घसरू लागताच आपोआप ब्रेक लावून सावरणाऱ्या यंत्रणेने) बराच धोका कमी केला आहे, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण निसर्गनियम बदललेला नाही. उंच गाडी वळणावर झुकू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा आणि अँटी-रोल बार कडक ठेवावे लागतात. तसे केले की एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेल्यावर मागे बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. सेडानमध्ये तीच स्थिरता मऊ स्प्रिंग ठेवूनही मिळते. लांबच्या प्रवासात हे हलणे मागे बसलेल्यांना त्रासदायक होते आणि शोरूममध्ये ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मितभाषी

डिकीच्या लिटरांवर विश्वास ठेवू नये. मोजायची पद्धत पाहावी.

यंत्रज्ञ

मितभाषी यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून विस्ताराने लिहितो. युरोपात प्रचलित असलेल्या पद्धतीत 200 बाय 100 बाय 50 मिलिमीटरचे ठोकळे डिकीत रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. मागच्या सीटच्या वरच्या कडेपर्यंत किंवा पार्सल शेल्फपर्यंत (डिकी झाकणाऱ्या आडव्या फळीपर्यंत) जितके ठोकळे मावतील तितके लिटर. अमेरिकी आकडे मात्र टपापर्यंतची जागा धरतात. त्यामुळे एकाच आरएव्हीफोरची डिकी एका माहितीपत्रकात 580 लिटर असते आणि दुसऱ्यात हजाराच्या वर. टपापर्यंत रचलेले सामान ब्रेक लागल्यावर पुढे येणार आणि आरशातून मागचे काही दिसणार नाही, म्हणून कुटुंबाच्या प्रवासात उपयोगाचा आकडा पहिलाच. मध्यम सेडानच्या डिकीचा आकडा सव्वाचारशे ते पाचशे लिटरच्या दरम्यान असतो. म्हणजे फरक आहे, पण दुप्पट वगैरे नाही.

खरा फरक तोंडाचा आहे. सेडानच्या डिकीत जागा खोल असते, पण तोंड अरुंद आणि चिंचोळे असते. मोठे खोके, मुलाची सायकल, घडी घातलेली व्हीलचेअर आत मावण्याइतकी जागा असूनही दाराशी अडते. मोजपट्टी घेऊन जा आणि तोंडाची उंची आणि रुंदी मोजा. खालच्या ओठाची जमिनीपासूनची उंचीही मोजा, कारण जड बॅग तितकी उचलावी लागणार आहे.

वाटसरू

सेडानच्या बंद डिकीची एक बाजू सांगायला हवी. मागच्या सीटमागे पत्र्याचा आडवा पडदा असतो. त्याने गाडीची मागची चौकट ताठ राहते, मागच्या चाकांचा आवाज आत येत नाही आणि अपघातात सामान माणसांच्या डोक्यावर येत नाही. क्रॉसओव्हरमध्ये चाकांचा आणि सामानाचा आवाज थेट केबिनमध्ये येतो, म्हणून उत्पादक त्यात जास्तीचे आवाजरोधक साहित्य भरतात.

शिवाय पावसाळ्यात क्रॉसओव्हरची मागची काच पाहा. सरळ उभ्या काचेमागे हवेची पोकळी तयार होते, चाकांनी उडवलेला चिखल त्या पोकळीत ओढला जाऊन काचेवर बसतो आणि म्हणून तिथे वायपर लागतो. बहुतेक सेडानना मागे वायपर नसतो, कारण टपावरून उतरणारी हवा काच बऱ्यापैकी स्वच्छ ठेवते.

प्रवासी पक्षी

माझे मत थोडे वेगळे आहे. उभी गाडी आणि धावती गाडी ही विभागणी छान आहे, पण क्रॉसओव्हर घेण्यामागे धावतानाचेही एक कारण आहेच आणि ते म्हणजे दृष्टी. उंचावर बसले की पुढच्या दोन-तीन गाड्यांच्या पलीकडचे दिसते, रस्त्यावरचा खड्डा लवकर दिसतो आणि चालवणाऱ्याच्या मनावरचा ताण हलका होतो. ही भावना खोटी नाही. रात्री तर मागून येणाऱ्या उंच गाड्यांचे दिवे सेडानच्या आरशात थेट डोळ्यांवर येतात. मी कित्येक सेडानप्रेमींना केवळ या एका कारणाने उंच गाडी घेताना पाहिले आहे. खराब रस्ते आणि उंच स्पीडब्रेकर असलेल्या भागात ग्राउंड क्लिअरन्सचा मुद्दाही खराच आहे. पाच माणसे आणि सामान भरल्यावर सेडान मागून दबते आणि तिचे पोट घासते. क्रॉसओव्हरमध्ये पाच-सहा सेंटिमीटर जास्त मिळतात, तेवढे तिथे पुरतात.

चक्रधर

प्रवासी पक्षी, दृष्टीचा मुद्दा मान्य. पण त्यात मला एक अडचण दिसते. समोरची गाडीही क्रॉसओव्हर असेल, तर आपल्या उंचीचा फायदा राहतोच कुठे? प्रत्येकाने शेजाऱ्याच्या उंचीला उत्तर म्हणून उंच गाडी घ्यायची, हे कुठवर चालायचे?

ओवी

आणि गाडीबाहेरच्या माणसाचे काय? अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेसाठीच्या विमा संस्थेने 2023 साली पादचाऱ्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बॉनेटची कड 40 इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्यांची धडक बसल्यास पादचारी दगावण्याची शक्यता, 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी जास्त आढळली. कारण शरीरशास्त्राचे आहे. खालचे बॉनेट पायांना लागते आणि माणूस त्यावर लोळतो, उंच सपाट नाक थेट छातीवर किंवा डोक्यावर आदळते. मध्यम क्रॉसओव्हरचे बॉनेट सहसा या दोन मापांच्या मधे येते, पिकअप ट्रकइतके वर नसते, तरीही घेताना नाकाचा उतार पाहावा. तो आपल्याच गल्लीत खेळणाऱ्या मुलांचा प्रश्न आहे.

जुना जाणता

आतापर्यंतच्या चर्चेत सगळेजण ग्राहकाच्या पसंतीबद्दल बोलत आहेत. विकणाऱ्याची पसंतीही लक्षात घ्यावी. सेडानच्याच सांगाड्यावर उंच डबा चढवला की उत्पादनखर्च थोडा वाढतो, पण ग्राहक त्यासाठी मोजायला तयार असलेली रक्कम त्याहून जास्त वाढते. नफा तिथे आहे म्हणून नवी मॉडेल्स तिथे येतात आणि जाहिराती तिथे होतात. सेडानची निवड कमी होत जाते आणि मग लोकांना सेडान नकोच आहे असे म्हटले जाते. अमेरिकेत 1975 च्या ऊर्जा कायद्यानंतर हलक्या ट्रकसाठी इंधनाचे निकष कारपेक्षा सैल राहिले आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या, पुरेशा उंच क्रॉसओव्हर त्या ट्रकच्या खात्यात मोजल्या जातात. त्यामुळे कंपन्यांनाही त्या बनवणे सोपे गेले. ग्राहकाने स्वतः निवडले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर काय मांडून ठेवले होते तेही विचारात घ्यावे.

चारही चाकांच्या ताकदीबद्दल एकच वाक्य लिहितो: ती निसरड्या रस्त्यावर निघायला आणि चढायला मदत करते, थांबायला करत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात आणि थांबण्याचे अंतर टायर ठरवतात.

आदिती_क

टायरवरून आठवले. क्रॉसओव्हरच्या वरच्या मॉडेलना 18 ते 20 इंचांची चाके येतात. बदलायची वेळ आली की चार टायरचा खर्च सेडानच्या 16 किंवा 17 इंची टायरपेक्षा चांगलाच जास्त होतो. खालचे मॉडेल घेतले तर लहान चाक मिळते आणि टायरची भिंत उंच असल्याने खड्ड्यातला धक्काही कमी लागतो.

वाटसरू

धागाकर्त्यांच्या यादीत स्टेशन वॅगन का नाही, असा प्रश्न पडला. सेडानची उंची आणि क्रॉसओव्हरचे मागचे दार एकत्र, म्हणजे धावती आणि उभी दोन्ही सोयी. युरोपात तर फोक्सवॅगनने आपल्या पसाट या गाडीची नवी पिढी फक्त वॅगन म्हणूनच काढली. आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न मात्र तिनेही सुटणार नाही.

चक्रधर

वॅगन आमच्याकडे उपलब्ध असलेल्या पर्यायांत नाही, नाहीतर मी नक्की विचार केला असता. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये हा सगळा हिशेब बदलतो का, हे कोणी सांगेल का? पुढची गाडी तीच असेल असे दिसते.

यंत्रज्ञ

बराच बदलतो आणि दोन्ही दिशांनी बदलतो.

बॅटरी जमिनीलगत पसरलेली असते. त्यामुळे उंच गाडीचाही गुरुत्वमध्य खाली येतो आणि क्रॉसओव्हरवरचा एक मोठा आक्षेप सौम्य होतो. पण त्याच बॅटरीने केबिनची जमीन वर येते. टप तेवढाच ठेवून सेडान बनवायची, तर मागे बसणाऱ्याच्या टाचा आणि बैठक यांच्यातले अंतर कमी होते. गुडघे वर येतात, मांडी सीटवरून उचलली जाते आणि सगळा भार माकडहाडावर येतो. तासाभराने त्रास सुरू होतो. पोर्शेने टायकान या इलेक्ट्रिक सेडानमध्ये यासाठी मागच्या प्रवाशाच्या पायांखाली बॅटरीत खोलगट जागा सोडली आहे. क्रॉसओव्हरमध्ये उंचीच हाताशी असल्याने हा प्रश्न आपोआप सुटतो. टेस्लाची मॉडेल वाय ही 2023 मध्ये जगात सर्वाधिक खपलेली कार ठरली, त्यामागे इतर कारणांबरोबर तिची ही ऐसपैस बैठकही असणार.

दुसऱ्या दिशेने पाहिले, तर इलेक्ट्रिक गाडीत हवेचा रोध जास्त महाग पडतो. पेट्रोल इंजिनात निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे हवेचा वाटा त्या ढिगात लपतो. इलेक्ट्रिकमध्ये वाया जाणारे फार थोडे, म्हणून हायवेवर बॅटरीतली बहुतेक ऊर्जा हवाच खाते. टेस्लाची सेडान मॉडेल थ्री आणि क्रॉसओव्हर मॉडेल वाय यांची यंत्रणा जवळजवळ एकच असूनही बुटकी मॉडेल थ्री एका चार्जिंगमध्ये जास्त लांब जाते, ते यामुळेच. लांबचे प्रवास जास्त असतील तर सेडान, गावातल्या गावात फिरणे जास्त असेल तर क्रॉसओव्हर, हा हिशेब इलेक्ट्रिकमध्ये आणखी ठळक होतो.

चक्रधर

सर्वांचे मनापासून आभार. आमचा वापर पाहता आईला आठवड्यातून अनेकदा बाहेर न्यावे लागते आणि हायवेचा लांब प्रवास वर्षातून मोजका होतो. त्यामुळे आमचे पारडे क्रॉसओव्हरकडे झुकले आहे, पण खालच्या मॉडेलकडे, लहान चाकांच्या आणि चारही चाकांची ताकद नसलेल्या. येत्या रविवारी आईला, मुलाच्या सीटला आणि मोजपट्टीला घेऊन शोरूमला जाणार आहोत. विक्रेत्याला मागच्या सीटवर आम्ही बसू आणि गाडी हायवेपर्यंत न्या, असे आधीच कळवले आहे. तो तयार झाला नाही, तर दिवसभरासाठी तेच मॉडेल भाड्याने घेऊन पाहू.

ओवी

आईंना दोन्ही बाजूंनी चढ-उतार करायला लावा. दुखऱ्या गुडघ्याची बाजू दाराकडे आली की अडचण वेगळी होते. आणि घरी नेहमी घालतात त्याच चपला घालून न्या.